शिवी द्यायचा मान

दोन राज्यांत माझं नाव निघायचं, हे मी मिशीला पीळ देऊन सांगतो. एका राज्यात ते मला हुसकून लावताना निघालं, आणि दुसऱ्यात जे निघायचं ते माझं नव्हतंच. तिथं सगळे मला नुसतं ‘मोगलाई’ म्हणून हाक मारायचे.

अजिंठ्याच्या डोंगराच्या त्या अंगाला निजामाचं राज्य, ह्या अंगाला इंग्रजाचं. निजामाच्या मुलखाला खानदेशातली माणसं मोगलाई म्हणत. तिथं माझं खोपट होतं, बायको होती, तिच्या कडेवर पोर होती, आणि माझ्या अंगात नको ती कला होती. एका लग्नात मी जहागीरदाराच्या कारभाऱ्याच्या चालण्याची नक्कल केली. पोट पुढं, धोतराचा सोगा चिमटीत, कोंबडा उकिरड्यावरून चालतो तसं. वऱ्हाड हसून लोळलं. कारभारीही हसला. मला वाटलं, आता बक्षीस मिळणार. सकाळी त्याची माणसं आली आणि खोपट मोडून गेली.

बायको म्हणाली, “झालं हसून?”

मी म्हणलं, “चल, इंग्रजाच्या राज्यात नकला करायला मोकळीक असेल.”

घाट उतरून आलो. पहिल्याच वाण्याकडं मीठ मागितलं आणि माझा निजामी रुपया पुढं केला. त्यानं तो उलटा केला, सुलटा केला, आणि माझ्याकडं सरकवत म्हणाला, “हाई नाणं तुना राजाले दे.” आपण परमुलखात आलोय हे माझ्या आधी माझ्या रुपयाला कळलं.

एरंडोलच्या अलीकडं नदीकाठच्या एका गावात मी सालदार म्हणून राहिलो. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा शेतगडी. ज्यांच्याकडं राहिलो त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. त्यांच्या शब्दावर गाव चालायचं. पाटील होता, पण पाटीलही नानांना विचारून शिंकायचा. नानांनी मला नाल्याच्या पल्याड, बाभळीखाली खोपट घालायला जागा दाखवली. गाव नाल्याच्या अल्याड होतं. मी म्हणलं, “नाना, हे गावात धरायचं का गावाबाहेर?” ते म्हणाले, “पाऊस पडना का गावमाच भिजशीन.” मी खूष झालो. मला लवकर खूष व्हायची सवय आहे.

दोन-तीन पावसाळे गेल्यावर मी धीर करून विचारलं, “नाना, मी ह्या गावचा कधी होईन?”

नाना तंबाखू मळत होते. मळता मळता म्हणाले, “तो काय आंबा शे का, आढीमा घाला आन पिकना? व्हई तव्हय व्हई.”

म्हणजे होईल तेव्हा होईल. मग मी आपल्या परीनं आढी घालायला लागलो. पोळ्याला नानांचे बैल मीच धुवायचो, मीच शिंगं रंगवायचो, मीच मारुतीपर्यंत न्यायचो. मारुतीपाशी आलं की नानांचा पुतण्या पुढं व्हायचा आणि कासरा माझ्या हातातून काढून घ्यायचा. तिथून पुढं मिरवायचा मान घरच्या माणसाचा. बैल मागं वळून माझ्याकडं बघायचे, तेवढाच काय तो माझा मान. शिमग्याला मी सोंगं काढायचो, अख्खं गाव पोट धरून हसायचं. ही माणसं हसतात म्हणजे आपल्याला आपलं म्हणतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. कारभारीही हसला होता, हे मी विसरलो होतो.

एकदा पलेग आला. उंदीर पडायला लागले तसं सगळं गाव घरं सोडून रानात झोपड्या घालून राहिलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हणलं, आता सगळेच उपरे! बायकोला म्हणलं, “बघ, गाव आपल्याकडं राहायला आलं.” पण रानातसुद्धा त्यांनी झोपड्या गावातल्या आळीसारख्याच मांडल्या. आधी पाटील, मग नाना, मग ज्याचं घर जिथं तिथं त्याची झोपडी. मी माझे बांबू-ताट्या घेऊन शेवटाला गेलो तर नानांचा पुतण्या म्हणाला, “ए मोगलाई, तू त्या ओघळना तिकडे.” नाला नव्हता तिथं त्यांनी ओघळ शोधून काढली होती.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. गावचं नसलं म्हणून भाकरी काही कडू लागत नाही. पण पोर मोठी झाली.

तिला आमच्या जातीतल्या पोराला दिली, नदीच्या पलीकडच्या गावात. पोरगा पायानं जरा अधू, म्हणून त्याला कोणी देत नव्हतं. आम्हाला गाव नाही, म्हणून आमच्याकडं कोणी मागत नव्हतं. दोघांचं जमलं. आमच्या खोपटावरून तिच्या सासरचा पिंपळ दिसायचा. बायको म्हणायची, “जवळ आहे, हाक मारली की येईल.” आम्ही दोघंही फार हुशार.

खानदेशात दिवाळीपेक्षा आखाजी मोठी. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या सणाला सासरी गेलेली प्रत्येक पोर माहेरी येते. कडुनिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, पोरी काम करत नाहीत, नुसत्या झुलतात. वर्षभर सासू कसलीही असो, आखाजीला पोरीला धाडावंच लागतं. न्यायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. तिला भाऊ नव्हता, म्हणून मुराळी मीच. डोक्याला नानांचं जुनं पागोटं बांधून, नदी ओलांडून गेलो.

तिची सासू उंबऱ्यात बसली होती. मला बघून म्हणाली, “कोन तू?”

मी म्हणलं, “मुराळी.”

“कोनता गावना मुराळी?”

“हे काय, पलीकडच्या.”

“त्या गावना?” ती हसली. “मग त्या गावना नाना येवू दे, पाटील येवू दे. हाई आमना गावनी लेक शे, म्हनीसन सांगू दे. मग धाडसू मी. तुनं गाव तर डोंगरना तिकडे. तिकडे कोन धाडी पोरले?”

पोर आत दाराआड उभी होती. झोक्यावर बसायला म्हणून तिनं वेणी घालून ठेवली होती. मी तिला हसवायला पागोटं तिरकं केलं, डोळे फिरवले. लहानपणी ह्याला ती खदखदायची. तिनं मान खाली घातली. मी आलो तसा परत गेलो.

नानांकडं गेलो. म्हणलं, “नाना, एवढा एक शब्द टाका.”

नानांनी तंबाखूची पिंक टाकली. मग म्हणाले, “पोर आमना डोयासमोर वाढनी, हाई खरं. पन गावनी लेक म्हनीसन शब्द दिना, का उद्या तिनं बरं-वाईट गावना गळामा. जरा थांब. दोन वरीस जाऊ दे.”

त्यांचंही खोटं नव्हतं. गावानं लेक म्हटलं की उद्या सासरी काही वाकडं झालं तर गावाला उठून जावं लागतं, भांडावं लागतं. परक्यासाठी कोण उठेल? मी थांबलो. पुढच्या आखाजीला परत मुराळी होऊन गेलो, परत आलो. त्याच्या पुढच्या आखाजीलाही. पलीकडच्या गावातली पोरं मला बघून ओरडायची, “मुराळी उना, मुराळी उना, रिकामा जाई!” म्हणजे आला तसा रिकामा जाणार. चाल चांगली होती. मीसुद्धा येताना तीच गुणगुणायचो.

बायको एकदा म्हणाली, “तुम्ही बापयांना विचारत बसा. मी बायकांच्या अंगानं बघते.”

आखाजीला आमच्याकडं बायकांचा बार असतो. संध्याकाळी गौराई शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला, बायका नदीवर जातात. अलीकडच्या काठाला आमचं गाव, पलीकडच्या काठाला ते गाव. वैशाखात नदीला पाणी घोट्याएवढं. दोन्हीकडं बायका फळी धरून उभ्या राहतात आणि एकमेकींना शिव्या देतात. सुपं बडवतात, केरसुण्या नाचवतात, ढेकळं फेकतात. जिचा आवाज वर्षभर चुलीपलीकडं ऐकू येत नाही, ती त्या दिवशी समोरच्या गावाचे सात पिढ्यांचे नवरे काढते. दिवस बुडाला की सगळं माफ, कोणी मनात ठेवत नाही. बापयांनी लांब बांधावर बसायचं आणि ऐकू आलं नाही असं तोंड करायचं. मला ते कधी साधलं नाही.

पण शिवी देणं हा मान असतो. गावाच्या नावानं शिवी द्यायची तर तू गावची पाहिजेस. आमच्या फळीची म्होरकी एक थोरली बाई होती, तिला सगळे अक्का म्हणत. अंगानं वाळकी, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरची कुत्री उठून जायची. माझी बायको पहिल्यांदा गेली तेव्हा अक्का म्हणाली, “मोगलाईवाली, तू मांगे राहाय. लेकरं धर.” तर पहिल्या वर्षी तिनं सगळ्यांची लेकरं धरली. मग एका वर्षी ढेकळं गोळा करून पदरात भरून पुढं न्यायचं काम मिळालं. मग सूप हातात आलं, पण ते बडवायचं नुसतं, तोंड उघडायचं नाही. दर आखाजीला ती एक पाऊल पुढं सरकायची. इंग्रजाच्या कचेरीत माणसं चढतात तशी ती शिव्यांत चढत होती.

सराव घरात, माझ्यावर. मी भाकरी मोडायला बसलो की ती कमरेला पदर खोचायची. “तुझा नवरा बुटका, तुझा नवरा फाटका, चुलीत फुंकर घालता येईना, मिशी पेटली!” मी म्हणायचो, “हे त्या गावच्या नवऱ्यांना म्हणायचंय ना?” ती म्हणायची, “हो, तुम्ही कशाला अंगाला लावून घेता?” पण शिवी अंगाला बरोबर बसायची. घरात तिनं सगळी मापं माझीच घेतली होती.

तिचा हिशेब साधा होता. तिनं मला तो एकदाच सांगितला. “मी पुढच्या फळीत उभी राहिले की ती म्हातारी पलीकडून बघेल. गावानं मला पुढं केलं म्हणजे मी गावची. मग पोरीला कुठल्या तोंडानं अडवेल?” आणि दुसरी एक गोष्ट तिनं सांगितली नाही, पण मला बांधावरून दिसायची. पलीकडच्या काठावर, मागच्या बायकांत, आमची पोर उभी असायची. तिला माहेरी धाडत नव्हते, म्हणून ती त्यांच्या गावच्या बायकांबरोबर बारावर यायची. आईला वर्षातून तेवढंच दर्शन. दोघी आपापल्या गावाच्या मागच्या रांगेत उभ्या राहून एकमेकींकडं बघायच्या. मधे घोट्याएवढं पाणी.

मग एका आखाजीला माझी बायको दुसऱ्या फळीत होती. अक्काच्या पाठीशीच. मी बांधावर बसलो होतो. शेजारी नाना, नानांचा पुतण्या, आणखी चार जण. मी म्हणत होतो, “आज बघा, आमच्या घरातला माल बाहेर येणार.” नाना मिशीत हसत होते.

बार रंगला. सुपं वाजली, धूळ उडाली. तेवढ्यात पलीकडं काही गडबड झाली. त्या बायका कोणाला तरी ढकलत पुढं आणत होत्या. मागं तिची सासू उभी, हातानं खुणावत होती, बोल, बोल. बघतो तर आमची पोर. अगदी पाण्याच्या कडेला आणून उभी केलेली. ती वाळली होती. केस कसे तरी बांधलेले. तिनं समोर आपल्या आईकडं बघितलं. मग तिनं डोळे मिटले आणि असा आवाज काढला की तो तिच्यात आहे हे मला माहीतच नव्हतं.

“ए मोगलाईवाली! तुले ना गाव, ना शीव! दुसरास्ना गावमा उष्टावर जगस!”

मग पलीकडं हशा फुटला. सासू टाळ्या वाजवत होती. बायकांनी पोरीच्या पाठीवर थापा मारल्या, एकीनं आपल्या डोक्यावरचा मोगऱ्याचा गजरा काढून तिच्या केसांत खोवला. तिनं मिटलेले डोळे उघडले नव्हते.

आणि आमच्या काठावर अक्का पेटली. तिनं माझ्या बायकोचा दंड धरला आणि तिला ओढून पहिल्या फळीच्याही पुढं, पाण्यात आणून उभी केली.

“कोनले मोगलाईवाली म्हनस वं? हाई आमना गावनी शे! आमना गावनी!”

सगळ्या बायकांनी ते उचललं. “आमना गावनी! आमना गावनी!” सुपं अशी वाजली की बांधावर आमच्या पायांना कळलं. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. इतकी वर्षं मी बैल धुतले, सोंगं काढली, नानांच्या पाया पडलो. आणि गावानं आम्हाला आपलं म्हणलं ते आमच्याच पोरीनं आईला परकी म्हणलं म्हणून.

“दे!” अक्का ओरडली. “आते तू दे शिवी!”

माझी बायको पाण्यात उभी. घशात वर्षानुवर्षांचा सराव तयार. तिनं हात वर केला. “तुझा नवरा...” म्हणाली, आणि थांबली. त्या घरावर टाकायची कुठली शिवी तिच्याकडं होती? नवरा म्हणावं तर तो जावई. घर म्हणावं तर ते पोरीचं. लेकरं म्हणावं तर ती अजून व्हायची होती. तिनं ओठ दाबले. तिचा हात तसाच वर राहिला.

मागच्या बायकांना वाटलं, मानानं गहिवरली. त्यांनी तिची शिवी तिच्यासाठी पुरी केली. बुटका, फाटका, मिशी पेटली, सगळं. आमच्या खोपटातलं नाल्यापलीकडं ऐकून ऐकून त्यांना पाठ झालं होतं. अख्ख्या गावानं एका आवाजात ते पलीकडच्या काठावर टाकलं, आणि ते माझ्या पोरीच्या अंगावर पडताना मी बघितलं.

नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच. म्हणाले, “मोगलाई, झायं रे तुनं काम.” मी काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही. कोणी हसलं नाही, मीसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी आमच्या खोपटात गावच्या बायका आल्या. नाला ओलांडून. कोणी सांजोऱ्या आणल्या, कोणी आमरसाचं पातेलं. खोपटात बसायला जागा नव्हती. माझ्या बायकोनं सगळ्यांना वाढलं, सगळ्यांशी बोलली, अक्काच्या पाया पडली. त्या गेल्यावर ती भांडी घासायला बसली. मी म्हणलं, “आता तू गावची.” ती राख हातात घेऊन म्हणाली, “तिचा आवाज ऐकलात? घरात कधी एवढ्यानं बोलली नव्हती.” मग तिनं एकच पातेलं घासलं. घासत राहिली. मी दिवा विझवू का विचारलं, तर म्हणाली, “नको, अजून डाग आहे.” पातेलं केव्हाच लख्ख झालं होतं.

सकाळी, आखाजीचे झोके अजून उतरले नव्हते, तेवढ्यात नाना स्वतः आले. म्हणाले, “जाय. तिना सासूले सांग, नानानी शब्द दिना शे. हाई आमना गावनी लेक. आनि बैलगाडी घेऊन जाय. गावना मुराळी पायी जात नही.” त्यांनी स्वतः बैल जुंपले. बायकोनं पोरीचं जुनं लुगडं पेटीतून काढून उन्हात टाकलं, कडुनिंबाला दोर बांधला. वर चढून बांधला. मी खाली उभा राहून म्हणत होतो, “अगं पडशील, गाव मला काय म्हणेल?” ती हसली. त्या दिवसाचं तेवढंच हसणं.

गाडी घेऊन गेलो. आता मी गावचा मुराळी. पलीकडची पोरं ओरडली, “मुराळी उना!” मी गाडीवर उभा राहून त्यांना रामराम घातला. अंगणात गेलो तर सासू आज उठून उभी राहिली. तांब्याभर पाणी दिलं. नानांचा शब्द ऐकला आणि म्हणाली, “मंग कसाले नाही म्हनू? गावना शब्द शे. जाय वं पोरी, तुना बापनासंगे.” इतकं सोपं होतं ते. मला हसू यायला लागलं.

पोर बाहेर आली. केसांत कालचा गजरा होता, सुकलेला. तिचं बोचकं कुठं दिसेना. मी म्हणलं, “अगं, झोका बांधलाय. तुझी आई झाडावर चढली होती, म्हातारी माकडीण!” आणि पागोटं तिरकं करून डोळे फिरवले.

ती मला अंगणाच्या कोपऱ्यात, गोठ्याच्या आडोशाला घेऊन गेली. बोलली ती आमच्या घरची बोली नव्हती. तिच्या गावची होती.

“बा, गाडी वळाव आनि जाय. कालपाईन ह्या गावमा माले कोनी मोगलाईवाली म्हनत नही. तू अंगनमा उभा राह्यना का परत म्हनतीन.”